गुलामी १८३५ साली संपली. मग मॉरिशसमध्ये आज काय उरलं आहे?

मॉरिशसच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस, आणि २ नोव्हेंबर हा भारतातले करारबद्ध मजूर बंदरात उतरल्याचा दिवस. त्याच यादीत गणेशचतुर्थीचीही सुट्टी आहे. मॉरिशसबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक या तिसऱ्या सुट्टीपासून सुरू होतं आणि तिथंच संपतं. कोकणातून गेलेल्या माणसांची पतवंडं अजून आरत्या म्हणतात, याचं मलाही फार अप्रूप आहे. पण आधीच्या दोन तारखांचं एकमेकींशी काय नातं आहे हे कळलं नाही, तर ती माणसं तिथं पोचली का हेच आपल्याला कळलेलं नसतं. गुलाम मोकळे होणार, मग ते मजुरीचा भाव सांगणार, आणि मळेवाल्यांना तो द्यावा लागणार. ते टाळण्यासाठी आपली माणसं बोटीत चढवली गेली.

आज मॉरिशस हा आफ्रिकेतल्या सुस्थितीतल्या देशांत गणला जातो. शाळा आहेत, दवाखाने आहेत, निवडणुका वेळेवर होतात. तरीही गुलामांचे वंशज, ज्यांना तिथं क्रेऑल म्हणतात, ते गरिबांच्या वस्त्यांत जास्त आणि सरकारी कचेऱ्यांत, वरच्या नोकऱ्यांत कमी दिसतात. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण अंदाजे चौथा हिस्सा. गुलामी संपून १९० वर्षं झाली. म्हणजे सहा-सात पिढ्या. एवढ्या काळात फरक मिटायला नको होता का?

हा प्रश्न अनेक जण विचारतात, आणि बरेचदा त्याच्या पोटात एक उत्तर दडलेलं असतं: ‘त्यांच्यातच काहीतरी कमी असेल.’ हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे ते नीट दाखवता येतं. सामाजिक वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या आठवणी, मनावरचे घाव असं काही येतं. ते असतंच. पण मॉरिशसचा इतिहास वाचताना मला दिसलं ते असं, की वारसा पिढ्यानपिढ्या पुढे सरकतो तो मुख्यतः कागदावरून. जमिनीचा दस्त, आडनाव, राज्यघटनेतली एक व्याख्या, शाळेच्या वेळापत्रकातला एक तास. हे कागद एकेक करून पाहू.

त्याआधी थोडा इतिहास, अगदी गरजेपुरता. या बेटावर मूळची वस्ती नव्हती. १६३८ साली डच येऊन राहिले. मादागास्करहून गुलाम आणि जावाहून ऊस त्यांनीच आणला. १७१० मध्ये ते सोडून गेले. फ्रेंचांनी १७२१ पासून वसाहत उभी केली आणि गुलामांचा व्यापार खऱ्या अर्थाने वाढवला. माणसं मुख्यतः मोझाम्बिक आणि मादागास्करहून यायची, काही भारताच्या किनाऱ्यावरूनही. (मोझाम्बिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता, आणि तिथल्या गुलामांच्या व्यापारात दीव-दमणच्या व्यापाऱ्यांचा पैसा फिरत होता. हा इतिहास आपल्यापासून वाटतो तेवढा लांबचा नाही.) १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, त्यांचे कायदे, त्यांची भाषा, सगळं तसंच ठेवलं. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचं आयातशुल्क वेस्ट इंडिजच्या साखरेइतकं कमी झालं, आणि मग बेटभर ऊसच ऊस झाला.

१७२३ साली फ्रान्सच्या राजाने या बेटांसाठी गुलामांचे नियम लागू केले. त्यांना ‘कोड न्वार’, म्हणजे काळी संहिता म्हणत. त्यातल्या दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुढचं सगळं समजायला सोपं जातं. गुलाम ही कायद्याने जंगम मालमत्ता, भांड्याकुंड्यांसारखी. त्यामुळे त्याच्या नावावर काहीच असू शकत नाही. आणि गुलाम बाईचं मूल तिच्या मालकाचं. बाप कोण, हा प्रश्न कायद्याला पडतच नव्हता. म्हणजे बापाकडून मुलाकडे जाण्यासारखं काहीही, ना जमीन, ना नाव, कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं. वारसा हक्काचा धागाच मुळात कापलेला.

पहिला कागद आहे नुकसानभरपाईचा. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द केली, मॉरिशसमध्ये तो कायदा १ फेब्रुवारी १८३५ ला अमलात आला. साम्राज्यभर मिळून दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली. ती मालकांना. ‘आमची मालमत्ता गेली’ म्हणून. मॉरिशसच्या वाट्याला त्यातले सुमारे २१ लाख पौंड आले. ज्यांनी जन्मभर फुकट राबून ऊस पिकवला त्या साठ हजारांहून अधिक माणसांना एक छदाम मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली त्यांना आणखी चार वर्षं, १८३९ पर्यंत, जुन्याच मालकांकडे बिनपगारी काम करायला लावलं.

या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने कर्ज काढलं होतं. ते कर्ज शेवटी फिटलं २०१५ साली. ब्रिटिश अर्थखात्यानेच २०१८ मध्ये हे जाहीर केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारीख परत तपासली होती. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या आजच्या माणसांनी, त्यांत गुलामांचे वंशज आले आणि तिकडे स्थायिक झालेले मराठी लोकही आले, गुलामांच्या मालकांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते फेडले. ‘किती जुनी गोष्ट उकरून काढता’ असं कुणी म्हणालं, तर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

मालकांच्या हातात असे एकरकमी पैसे आले. त्यांतून यंत्रं आली, नव्या जमिनी आल्या, आणि मजूर आणायला बोटी आल्या.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागलं. त्यात ३६ मजूर होते, छोटा नागपूरकडच्या डोंगराळ भागातले. म्हणजे गुलाम मोकळे व्हायच्या तीन महिने आधीच त्यांच्या जागेवरची माणसं उतरली. इंग्रज याला ‘महान प्रयोग’ म्हणत. प्रयोग असा होता, की गुलाम न ठेवताही गुलामीच्या खर्चात साखर काढता येते का. तो यशस्वी झाला असं ठरल्यावर हीच पद्धत त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी अशी जगभर गेली. एकट्या मॉरिशसमध्ये पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. ज्या धक्क्यावर ती उतरत त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ पासून ती जागा जागतिक वारसास्थळ आहे.

बहुतेक जण बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातून, नंतर मद्रास इलाख्यातून. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान, आणि त्यांतले पुष्कळसे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. मुंबईच्या बोटीने आले म्हणून त्यांना तिथं ‘बोंबाय’ म्हणू लागले.

करार म्हणजे ॲग्रीमेंट, त्याचं लोकांच्या तोंडी झालं ‘गिरमिट’. पाच वर्षं, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आपल्या ऊसतोडीतला ‘खाडा’ ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने करार पुरा केलेल्या प्रत्येक जुन्या मजुराला स्वतःचा फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणं सक्तीचं झालं. परवाना नसला की भटका ठरवून अटक, आणि अटकेपेक्षा मळ्यावर पुन्हा करार केलेला बरा. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी सह्या-अंगठे करून गव्हर्नरकडे अर्ज केला. तो लिहायला मदत केली आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेवाल्याने. त्याला याची जबर किंमत मोजावी लागली, पण लंडनहून चौकशी आयोग आला आणि १८७५ च्या अहवालात मजुरांचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं.

मग गिरमिट ही गुलामीच होती का? माझं मत असं, की नाही. आणि हे म्हणताना गिरमिटाची क्रूरता मला कमी लेखायची नाही. पण गिरमिटियाला नाव होतं, बापाचं नाव होतं, जात-गाव होतं, मुदत होती. तक्रार ऐकणारं, निदान कागदोपत्री, कुणीतरी होतं. मूल त्याचं स्वतःचं होतं. गावी परत जायची वाट, कठीण का होईना, होती. मळ्यावर पाठीत सारखाच चाबूक बसत असेल, त्या दिवशी दोघांत काही फरक दिसला नसेल. पण या लहानशा वाटणाऱ्या फरकांवर चार पिढ्यांचं व्याज चढलं की काय होतं, ते जमिनीच्या कागदात दिसतं.

आता जमिनीकडे येऊ. इथं थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक गैरसमज इथंच आहेत.

मॉरिशसमध्ये, आणि दुर्दैवाने तिथल्या भारतीय वंशाच्या घरांतही, पूर्वापार एक समजूत ऐकू येते: भारतीयांनी घाम गाळून, काटकसर करून जमीन घेतली, क्रेऑल मात्र मोकळे झाल्यावर मळे सोडून मासे मारत, गात-नाचत बसले. ही गोष्ट खोटी आहे. १८३९ नंतर मोकळ्या झालेल्या माणसांनी मळे सोडले हे खरं. ज्या आवारात चाबूक खाल्ला तिथंच परत रोजाने जायचं नव्हतं त्यांना. आणि रोजही पडलेला, कारण तोपर्यंत वीसेक हजार भारतीय मजूर आणून ठेवलेले होते. पण त्यांच्यातल्या अनेकांनी जमीन विकत घेतली होती. गुलामीत आणि उमेदवारीत फावल्या वेळी भाजी-कोंबड्या विकून, सुतारकाम करून साठवलेले पैसे होते. रोकडीची चणचण असलेले मळेवाले कडेचे तुकडे विकत होते. १८३९ नंतरच्या दशकभरात हे मोठ्या प्रमाणावर चाललं. इतिहासकार त्याला छोटी तुकडेवाटणी म्हणतात. म्हणजे जमीन घ्यायची हौस आणि काटकसर दोन्हीकडे होती. क्रेऑलांनी ती भारतीयांच्या चाळीसेक वर्षं आधी दाखवली.

मग ती जमीन गेली कुठे? इथं कोकणातल्या वाचकाला समजायला सोपं आहे. फ्रेंच कायद्याप्रमाणे बापाच्या पश्चात सगळ्या मुलांचा जमिनीवर सारखा हक्क. वाटणी करायची तर मोजणी, नोटरी, दस्त, सगळं फ्रेंच भाषेत आणि सगळ्याला पैसे. अक्षरओळख नसलेल्या कुटुंबांनी वाटणी केलीच नाही. तीन पिढ्यांत एका तुकड्यावर चाळीस हक्कदार, त्यांतले अर्धे कुठे आहेत ते माहीत नाही. सामाईक सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव अजून असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. त्यात वहिवाटीचा कायदा: जमीन तीस वर्षं माझ्या ताब्यात आहे असं साक्षीदारांनिशी शपथेवर लिहून दिलं, मोजणीदाराचा नकाशा जोडला, की नोटरीकडून मालकीचा दस्त होतो. ज्यांच्याकडे वकील, मोजणीदार आणि साक्षीदार उभे करायची ऐपत होती, त्यांच्यासाठी ही उघडी वाट होती. शेजारचा मळा हळूहळू कुंपण सरकवत राहिला. कधी आपल्याच भाऊबंदांनी केलं. घरात ‘ही आपली जमीन’ एवढंच तोंडी उरलं.

भारतीयांना जमीन मिळाली ती १८७० च्या दशकानंतर. मलेरियाच्या साथीने बेट खिळखिळं झालेलं, युरोपात बीटची साखर आल्याने भाव पडलेले. मळेवाल्यांनी निकस, दूरची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. ती घेतली मुकादमांनी, दुकानदारांनी, चार घरांचे पैसे एकत्र करणाऱ्या जुन्या गिरमिटियांनी. सगळे भारतीय मालक झाले असं मुळीच नाही. बहुसंख्य मजूरच राहिले. पण जी जमीन घेतली ती उसाची होती, ऊस कारखान्याला जात होता, कारखाना उचल देत होता. दस्त ताजे होते. त्या दस्तावर कर्ज मिळालं, कर्जातून एखादा मुलगा शिकला, शिकलेला मुलगा कारकून-मास्तर झाला, त्याने पुतण्यांना शिकवलं. १९४८ मध्ये मताधिकार साधं लिहिता-वाचता येणाऱ्यांपर्यंत पोचला तेव्हा हाच वर्ग पुढे होता, आणि १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकऱ्यांतही. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या बैठका यात फार महत्त्वाच्या ठरल्या. ‘बैठका’ हाच शब्द तिथं रूढ आहे. संध्याकाळी जमून पोथी वाचायची, मुलांना अक्षरं शिकवायची, भिशीसारखे पैसे जमवायचे. गुलामांना एकत्र जमायची बंदी होती, बाप्तिस्मा सक्तीचा होता, एकाच भाषेची माणसं विखरून ठेवली जात. बैठक उभी करायला जे लागतं तेच त्यांच्याकडून शंभर वर्षं आधी काढून घेतलेलं होतं.

म्हणून मला ‘कष्टाळू विरुद्ध आळशी’ ही गोष्ट ऐकवत नाही. ती मळेवाल्यांनी सांगायला सुरुवात केली, मजुरीचा दर पाडण्यासाठी. आपल्या माणसांनी ती उचलली.

आडनावाचा कागद त्यामानाने लहान, पण रोज खिशात असणारा. आप्रवासी घाटावर कारकून मजुराला नाव विचारायचा आणि कानाला आलं तसं लिहायचा. नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहून घेत. त्यामुळे पूर्वजाचं पाळण्यातलं नावच पुढच्यांचं आडनाव होऊन बसलं. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांत सखाराम, रामजी, बाबाजी ही आडनावं भेटतात ती अशी. कोकणातलं मूळ आडनाव, गाव, कुळी यांतलं बरंच गळून पडलं. तरी सखाराम हे सखारामच राहिलं. गुलामाचं नाव मात्र मालकाने ठेवलेलं असायचं, कधी ग्रीक पुराणातलं, कधी महिन्याचं किंवा वाराचं, कधी चेष्टेचं. ते नाव घेऊन पुढच्या पिढ्या शाळेत जातात, नोकरीचा अर्ज भरतात.

पुढचा कागद खुद्द राज्यघटना. मॉरिशसच्या संसदेत निवडून आलेल्या सभासदांखेरीज आठपर्यंत जागा ‘सर्वांत कमी फरकाने हरलेल्यां’ना देतात, जेणेकरून कुठला समाज अगदीच मागे पडू नये. त्यासाठी उमेदवाराने आपला समाज जाहीर करायचा. घटना तीन समाज सांगते: हिंदू, मुस्लिम आणि चिनी. (मराठी माणूस हिंदूंत मोजला जातो.) आणि ज्याच्या राहणीवरून तो या तिघांपैकी कुठलाच वाटत नाही, तो ‘सर्वसाधारण लोकसंख्ये’त. म्हणजे क्रेऑल कोण, तर जो हा नाही, तोही नाही आणि तो तिसराही नाही. आणखी विचित्र म्हणजे याच रकान्यात फ्रेंच मळेवाल्यांचे वंशजही आहेत. ज्याच्या पूर्वजांनी गुलाम विकत घेतले आणि ज्याचे पूर्वज विकले गेले, दोघं कायद्याने एकाच समाजाचे. हे समाजवार गणित अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालतं, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये या सक्तीवर ताशेरे ओढले. २०१४ च्या एका निवडणुकीपुरती सूटही दिली गेली. व्यवस्था तशीच आहे.

तरी ही जागावाटपाची युक्ती काढणाऱ्यांच्या मनात भीती होती, आणि ती खरी होती. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. इंग्रज गेले की भारतीयांचं राज्य येईल, अशी धास्ती क्रेऑलांना घातली गेली होती. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत क्रेऑल आणि मुस्लिम टोळ्यांत दंगल पेटली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. हजारो क्रेऑल कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून गेली; शिकलेली, हुन्नर असलेली आधी गेली, हे सांगायला नकोच.

शाळेच्या वेळापत्रकाबद्दल थोडंसंच. मॉरिशसमध्ये जवळपास सगळेच घरी क्रेओल भाषा बोलतात, मराठी वंशाची घरंसुद्धा. ती भाषा गुलामांनी मळ्यांवर घडवली. पण शाळा इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये. प्राथमिक शाळेत ‘पूर्वजांची भाषा’ म्हणून एक विषय घेता येतो: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी. मराठीचा तास तिथं आहे याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण त्या यादीत गुलामांच्या मुलांसाठी पूर्वजांची म्हणून एकही भाषा नव्हती. संपूर्ण देश ज्यांच्या पूर्वजांची भाषा बोलतो त्यांनाच तासाला भाषा नाही. २०१२ पासून क्रेओल हा ऐच्छिक विषय म्हणून आला, त्यासाठी अधिकृत लिपीनियम ठरवावे लागले. म्हणजे मराठीच्या तासानंतर काही दशकांनी.

या साचलेल्या अवस्थेला १९९० च्या दशकात ‘मालेझ क्रेऑल’ हे नाव पडलं. क्रेऑलांची खदखद, असं म्हणता येईल. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा लाडका गायक पोलीस कोठडीत मरण पावला. गुलामांचं सेगा संगीत आणि जमैकाचा रेगे मिसळून त्याने नवी शैली रुजवली होती. गांजाच्या प्रकरणात त्याला पकडलं होतं. त्यानंतरचे काही दिवस बेट जळत होतं. ज्या देशाची उदाहरणं देऊन ‘बघा, सगळे किती गुण्यागोविंदाने राहतात’ असं सांगायची सवय झाली होती, त्याला तो मोठाच धक्का होता.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं प्रकरण बहुतेकांनी लष्करी तळाची बातमी म्हणून वाचलं असेल. ते याच साखळीतलं आहे. तिथल्या नारळाच्या बागांत राबायला अठराव्या शतकाच्या शेवटी मॉरिशसहून गुलाम नेले होते. त्यांचे वंशज तिथंच राहिले, त्यांची गावं झाली, चर्च झालं, दफनभूमी झाली. १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, ब्रिटनने ही बेटं तोडून घेतली आणि त्यांतलं दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेला तळासाठी दिलं. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसांना हुसकावून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर सोडलं. आधी त्यांचे पाळीव कुत्रे मारले. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने १९६६ च्या टिपणात या माणसांचा उल्लेख ‘काही थोडे टारझन’ असा केला होता. जमिनीचा दस्त त्यांच्याकडे नव्हताच, कारण त्यांच्या पूर्वजांना जमीन बाळगायचा हक्कच नव्हता. ‘हे इथले रहिवासी नव्हेत, कंत्राटी मजूर आहेत’ असं जगाला सांगणं त्यामुळे सोपं गेलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये ही तोड बेकायदा ठरवली. मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटं परत करण्याच्या करारावर सही केली, तळ राखून. पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत उतरवलेल्यांपैकी कितीतरी जण तोवर वारले.

मॉरिशसने एक गोष्ट मात्र धाडसाची केली. २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला, दक्षिण आफ्रिकेच्या अशाच आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेले ॲलेक्स बोरेन त्याचे अध्यक्ष. इतर देशांचे असे आयोग दहा-वीस-तीस वर्षांपुरतं पाहतात. याला १६३८ पासून आजपर्यंत पाहायला सांगितलं, आणि गुलामी व गिरमिट दोन्ही एकत्र. २०११ च्या अहवालात जवळजवळ तीनशे शिफारशी आहेत. जमीन गेल्याच्या तीनशेहून अधिक तक्रारी लोक घेऊन आले, कुणी पणजोबांच्या पावत्या घेऊन, कुणी फक्त आठवण घेऊन. पुष्कळ शिफारशी अजून कागदावर आहेत. गुलामीचं एक संग्रहालय २०२३ मध्ये पोर्ट लुईच्या जुन्या फ्रेंच लष्करी रुग्णालयात उघडलं, तीही त्यांतलीच एक शिफारस.

मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे. गिरमिटियांची मूळ दप्तरं तिथं जपून ठेवली आहेत. मॉरिशसचा मराठी माणूस तिथं जाऊन पूर्वजाचा क्रमांक शोधू शकतो. नशीब असेल तर वहीत ओळ सापडते: नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा रत्नागिरी, गावाचं नाव, बोटीचं नाव. कधी १८६० नंतरचा फोटोही असतो, कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारा. मग तो कागद घेऊन लोक कोकणात येतात, देवळात नारळ ठेवतात, कुणीतरी भाऊबंद निघतो.

क्रेऑल माणसाला शोधायला इंग्रजांनी १८१७ पासून केलेल्या गुलामांच्या नोंदवह्या आहेत, मालकाच्या नावाने लावलेल्या. त्यांतही नाव, वय, उंची, काम असतं. बापाचं नाव नसतं. आणि मूळ गाव या रकान्यात बहुतेकदा एकच शब्द: मोझाम्बिक. तो जिथून बोटीत चढवला त्या किनाऱ्याचा शब्द आहे. त्याआधी तो किती दिवस, कुठून चालत आणला गेला, ते लिहिणाऱ्याने विचारलेलं नाही.